मावळचा कातळ आणि नित्याचे प्रश्न

मावळात ज्याने एखादी विहीर खणली आहे, भातखाचराला बांध घातला आहे किंवा ऐन पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट उतरला आहे, त्याला भूशास्त्राचे प्रश्न कोणी शिकवावे लागत नाहीत. ते त्याच्या वाटेतच उभे असतात. शेजाऱ्याच्या विहिरीला तीस फुटांवर पाणी लागले आणि आपली पन्नास फूट जाऊनही कोरडी का राहिली, डोंगर असे टप्प्याटप्प्यांनी का चढत गेले, काळ्या कातळाच्या मधोमध तांबड्या मातीचा पट्टा कोठून आला, सुरुंग लावल्यावर दगडाच्या पोटातून शुभ्र स्फटिक का निघतात, समुद्र पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटरांवर असताना इंद्रायणी पूर्वेची वाट का धरते, दरड पुन्हा पुन्हा त्याच त्या जागी का कोसळते, आणि हा सारा मुलूख ज्वालामुखीने घडवला असे शाळेत शिकवतात तर त्या ज्वालामुखीचे तोंड कोठे आहे, हे ते प्रश्न होत. त्यांची उत्तरे निरनिराळ्या ग्रंथांत विखुरलेली आहेत आणि बहुधा परभाषेत आहेत. परंतु ती एकत्र मांडून पाहिली म्हणजे असे दिसते की मावळच्या भूमीचे रहस्य कातळात जेवढे आहे त्याहून अधिक ते कातळाच्या दोन थरांमधील सांध्यात आहे. पाणी त्या सांध्यातून वाहते, वस्ती त्या सांध्याच्या आश्रयाने होते, आणि घात होतो तोही बहुधा तेथेच.

हा सांधा डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. घाटात रस्त्यासाठी किंवा लोहमार्गासाठी उभी तासलेली एखादी भिंत उघड्या दिवशी, पावसाची झड नसताना, खालून वर शांतपणे न्याहाळावी. तळाशी काळाकभिन्न, घट्ट पाषाण लागतो. त्यावर घण पडला तर खणखणीत आवाज येतो आणि ताज्या फुटीवर बारीक कण चमकतात. त्यात उभ्या-तिरप्या चिरा असतात, त्या लाव्हा निवताना आकसला त्याच्या खुणा होत. जसजसे वर पाहत जावे तसतशी पाषाणात लहान लहान छिद्रे दिसू लागतात, मग ती दाट होतात, मोठी होतात. लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे वर चढत असता वरचा भाग थिजला आणि ते जागच्या जागी अडकले, त्यांची ही घरे आहेत. त्यांतली पुष्कळशी पांढऱ्या वा हिरवट खनिजांनी भरून गेलेली असतात आणि अशा ठिपकेदार, तुलनेने मऊ दगडाला विहिरी खणणारी मंडळी मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्याच्या माथ्यावर वीतभर, हातभर, क्वचित पुरुषभर जाडीचा तांबडा पट्टा असतो. तो नखाने उकरता येतो, ओला झाला की बोटाला गेरूसारखा रंग देतो. आणि त्या तांबड्या पट्ट्यावर, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा तोच काळा घट्ट पाषाण सुरू होतो. म्हणजे एक लाव्हा आला, निवला, उन्हापावसात उघडा पडून त्याची वरची कातडी कुजून माती झाली, क्वचित तिच्यावर ज्वालामुखीची राखही बसली, आणि मग त्या मातीवरून दुसरा लाव्हा वाहत आला व त्याने ती भाजून काढली. त्या दोन लाव्ह्यांमध्ये किती काळ गेला असेल याची साक्ष हा तांबडा पट्टा देतो. कोठे शतके, कोठे सहस्रके.

सगळेच थर एका जातीचे नाहीत. लोणावळ्याच्या परिसरातील पुष्कळ थर असे आहेत की ते एकसंध नसून लहान लहान लोटांचे बनलेले आहेत. तापलेल्या दुधावर साय धरते आणि सायीखाली दूध हलत राहते, तद्वत् या लाव्ह्यावर बाहेरून कवच धरले, आत तो वाहता राहिला, कवच फुगवीत व फोडीत पुढे सरकला आणि अशा लोटांवर लोट चढून डोंगराएवढी जाडी झाली. १९८० नंतरच्या दशकात भारतीय, ब्रिटिश व अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या घाटांतून खालपासून वरपर्यंत नमुने घेऊन, त्यांचे रासायनिक पृथक्करण करून, या थरांची वंशावळ लावली. तेव्हा तीन मोठे उपसमूह ठरले, खाली कळसूबाई, मध्ये लोणावळा आणि वर वाई. लोणावळा उपसमूहात पुन्हा दोन शैलसमूह, खंडाळा आणि बुशे. यांपैकी बुशे समूहाच्या लाव्ह्यात वर येता येता भूकवचातील जुनाट खडकाचा अंश सर्वांत अधिक मिसळलेला आहे, असे पृथक्करणावरून दिसते. ज्या गावांची नावे आपण चिक्की व थंड हवेसाठी घेतो ती जगातील भूशास्त्राच्या दप्तरात कायमची दाखल झाली आहेत, ही गोष्ट मावळच्या शाळकरी मुलाला ठाऊक असावयास हवी असे मला मनापासून वाटते.

ज्वालामुखीच्या तोंडाचा प्रश्न येथे येतो. लोणावळ्याच्या भोवतालची एखादी खोल वाटोळी दरी दाखवून तेच ते तोंड असे पुष्कळजण सांगतात; त्यात तथ्य नाही. त्या दऱ्या पाण्याने कोरलेल्या आहेत. दख्खनचा लाव्हा चित्रातल्या शंक्वाकृती पर्वताच्या शेंड्यातून उसळला नाही. तो भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला व पातळ असल्यामुळे दूरवर पसरला. त्या भेगांत शेवटी जो लाव्हा थिजून राहिला त्याच्या उभ्या भिंती आज कोकणच्या किनाऱ्यालगत, नाशिक-पुण्याच्या डोंगराळ पट्ट्यात आणि नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत आढळतात. अशा भेगी उद्रेकाचे मानवाने पाहिलेले मोठे उदाहरण म्हणजे आइसलंडातील लाकी. तेथे १७८३ साली सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत होता, तो सुमारे १५ घनकिलोमीटर भरला, आणि त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी गुरे मेली, पिके बुडाली व दुष्काळात त्या देशाची लोकसंख्या सुमारे एक पंचमांशाने घटली. दख्खनमधील एकेक मोठा लाव्हा हजार घनकिलोमीटरांच्या घरातला होता. आंध्रातील राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी जे बेसाल्टचे थर आहेत, त्यांचे पृथक्करण सह्याद्रीतील वाई उपसमूहाच्या थरांशी जुळते. म्हणजे सह्याद्रीच्या बाजूने निघालेला लाव्हा नदीखोऱ्यांच्या उताराने सुमारे हजार किलोमीटर वाहत पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आज झिजून उरलेला प्रदेशच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे.

हे केव्हा घडले आणि ते कळले कसे, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण काळ सांगणे सोपे असते, त्याचा पुरावा देणे अवघड. लाव्ह्यातील पोटॅशियमचा किरणोत्सारी अंश ठरलेल्या गतीने आर्गॉन वायूत बदलतो आणि थरांच्या मधल्या राखेत सापडणाऱ्या झिरकॉन नावाच्या सूक्ष्म स्फटिकांतील युरेनियम तसेच ठरलेल्या गतीने शिशात बदलते. या दोन स्वतंत्र घड्याळांनी मोजले असता दख्खनचा मुख्य उद्रेक ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे, दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आटोपला असे ठरते. तिसरी साक्ष चुंबकत्वाची. लाव्हा निवताना त्यातील लोहकण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत गोठतात. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी दख्खनच्या पाषाणांतील ही गोठलेली दिशा मोजली, तेव्हा दिसून आले की हा लाव्हा वाहिला त्या वेळी भारतभूमी विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होती. खंडे हलतात ही कल्पना त्या काळी पुष्कळ विद्वानांना पटत नव्हती. ती पटविण्याच्या कामी दख्खनच्या काळ्या दगडाची साक्ष निघाली. आज ज्या तप्त स्रोतावर हिंदी महासागरातील रेयुनियन बेट उभे आहे, त्याच्यावरून आपली भूमी उत्तरेकडे सरकत असता हा उद्रेक झाला असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच मावळात पुन्हा ज्वालामुखी जागा होईल काय, या शंकेला निःसंशय उत्तर देता येते: तो अग्नी हजारो किलोमीटर मागे राहिला आहे.

डायनोसोर याच सुमारास नामशेष झाले. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेल्या अशनीने ते घडले, की दख्खनच्या वायूंनी हवामान आधीच बिघडवून ठेवले होते, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. २०१९ साली दोन प्रयोगशाळांनी निरनिराळ्या घड्याळांनी दख्खनचे थर मोजले, आणि उद्रेकाचा जोर अशनीच्या आधी की नंतर, याविषयी त्यांचे एकमत झाले नाही. वाद कसाही सुटो, त्याचा मोठा पुरावा सह्याद्रीच्या कड्यांत आहे.

आता डोंगराच्या आकाराकडे वळू. मुंबई सरकारच्या चाकरीत असलेल्या कर्नल साइक्स याने १८३० नंतरच्या दशकात दख्खनच्या भूरचनेवर लंडनच्या भूशास्त्रमंडळापुढे निबंध ठेवला, त्यात या आडव्या, समांतर थरांचे वर्णन आहे. पण गडकऱ्यांना ते त्याच्या कित्येक शतके आधी ठाऊक होते. घट्ट पाषाणाचा थर उभा तुटतो, त्याचा कडा होतो; मांजऱ्याचा व तांबड्या मातीचा थर झिजतो, त्याचा उतार किंवा सपाट पदर होतो; आणि असे कडे व पदर आलटून पालटून आले म्हणजे डोंगर टप्प्याटप्प्यांचा होतो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे सारे किल्ले या एका नियमावर उभे आहेत: माथ्याचा घट्ट थर ही बालेकिल्ल्याची आयती तटबंदी, त्याखालचा पदर ही माची. लोहगडाचा विंचूकाटा म्हणजे दोन्ही अंगांनी झिजत झिजत उरलेली माथ्याच्या थराची चिंचोळी सोंड आहे. माचीवर वस्ती होते, ती तिथे सपाटी व माती असते म्हणूनच नव्हे. वरच्या कातळाच्या चिरांतून उतरलेले पाणी खालच्या चिकण तांबड्या थरावर अडते आणि सांध्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून. राजमाचीच्या श्रीवर्धन व मनरंजन या दोन शिखरांखाली उधेवाडी आहे ती अशाच पदरावर. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिचा दुसरा अंक पुढे यावयाचा आहे.

कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेण्यांना हाच नियम लागू पडतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून सुमारे चार शतके येथे छिन्नीचे काम चालू होते आणि ज्यांनी ते केले त्यांनी डोंगर पाहून, थर पारखून जागा निवडल्या याविषयी मला शंका वाटत नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. एवढी पोकळी डोंगराच्या पोटात तोलून धरायची तर छताचा थर जाड, एकजीव आणि कमी चिरांचा असावा लागतो. आडव्या थरांच्या प्रदेशात तो मिळतो, कलत्या व घड्या पडलेल्या खडकांच्या प्रदेशात मिळणे कठीण. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने कोरविलेल्या शिलालेखात हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याची नोंद आहे. तो दावा शिल्पाविषयी असला तरी त्यात निम्मा वाटा त्या पाषाणाचा आहे, असे भूशास्त्राच्या बाजूने म्हणता येईल. लेण्यांशेजारी कोरलेली पाण्याची टाकी, ज्यांना त्या काळच्या लेखांत पोढी म्हटले आहे, तीही थराची पारख दाखवितात. घट्ट थरात कोरलेले टाके पाणी धरून ठेवते, चिरा पडलेल्या थरात कोरलेले गळते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर विहिरीच्या प्रश्नाला हात घालू, कारण मावळात त्याच्याएवढा जिव्हाळ्याचा प्रश्न दुसरा नाही. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठेक किलोमीटरांवरच्या पुण्यास त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. असे असून घाटमाथ्याच्या वाड्यांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, ही विसंगती बाहेरच्या माणसाला समजत नाही. कारण असे की ताज्या बेसाल्टला पाणी धरण्याजोगी रंध्रे जवळजवळ नसतातच. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याचा अखंड साठा असतो. येथे तो कोठे मुरमात, कोठे चिरांत, कोठे मांजऱ्याच्या उमललेल्या भागात, आणि मुख्यतः दोन थरांच्या सांध्यात, असा तुकड्यातुकड्यांनी असतो. एका विहिरीने सांधा गाठला, शेजारचीने गाठला नाही. एकीच्या पोटात चिरांचे जाळे आले, दुसरीच्या पोटात एकसंध कातळ आला. इतक्याच गोष्टीवर पाणी अवलंबून असते. मांजऱ्या देखील भोके दिसतात म्हणून पाणी देईलच असे नाही, कारण ती भोके एकमेकांना जोडलेली नसतात आणि पुष्कळदा खनिजांनी बुजलेली असतात. तो कुजून मऊ झालेला असेल तरच उपळे फुटतात. जुने पाणाडे उंबराचे झाड, उन्हाळ्यातही हिरवे राहणारे गवत, ओढ्याची वळणे पाहून जागा सांगत. हातातल्या काटकीवर माझा विश्वास नाही, पण त्या निरीक्षणावर आहे, कारण उंबर उभा असतो तो बहुधा सांध्याच्या ओलीवरच. पुण्यास मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम नकाशे व उपकरणे घेऊन करते. विंधन विहिरी खोल नेल्या म्हणजे पाणी लागेलच, हा मात्र केवळ समज आहे; सांध्यांची रांग चुकली तर तीनशे फुटांचे भोक कोरडेच राहते, आणि ती साधली तर शेजारच्या चार विहिरींचा झरा ते ओढून घेते.

मातीचा रंग याच पावसाचा खेळ आहे. एकाच बेसाल्टपासून देशावर काळी माती होते आणि मावळात तांबूस. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात चुना, सोडा व सिलिका धुऊन जातात व लोह मागे राहते, देशावर ती क्षारद्रव्ये जागीच राहून चिकण काळी जमीन तयार होते. मावळच्या भाताला ही तांबूस, पाणथळ खाचरे मानवली. आंबेमोहोर येथला जुना, आणि वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी हे वाण दिले.

स्फटिकांची हकीकत थोडक्यात सांगतो. लाव्हा निवल्यानंतर त्याच्या थरांतून पुष्कळ काळ ऊन पाणी फिरत राहिले. त्या पाण्याने पाषाणातील द्रव्ये विरघळवून घेतली आणि बुडबुड्यांच्या रिकाम्या घरांत नेऊन बसवली. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट ही त्यांची नावे. लोकांच्या तोंडी सगळ्याच गारगोट्या. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात लोहमार्ग बांधताना, सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढण्यासाठी २५ बोगदे खोदले गेले आणि हजारो मजूर पटकीने व अपघातांनी प्राणास मुकले. त्या खोदाईत स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि त्यांतील नमुने युरोपातील संग्रहालयांत जाऊन बसले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघणाऱ्या निळ्याशार कॅव्हॅन्साइटला जगभरचे संग्राहक आजही मोठे मोल देतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे वैभव आपल्याला आपल्या मुलखात पाहता येते, याचे समाधान आहे.

इंद्रायणी कुरवंड्याजवळ, नागफणीच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर उगम पावते, देहू-आळंदीवरून जाऊन तुळापुरास भीमेला मिळते आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला पोहोचते. तिच्या उगमाजवळच, त्याच डोंगरांच्या पश्चिम अंगाला, उल्हास नदी खोल दरीत उडी घेऊन वसईच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. पठाराचा एकंदर कल पूर्वेकडे आहे आणि पूर्ववाहिनी नद्या फार जुन्या आहेत, हे इंद्रायणीच्या वाटेच्या प्रश्नाचे उत्तर. पण त्याच्या पोटात अधिक चित्तवेधक गोष्ट दडली आहे. लोणावळ्याजवळ इंद्रायणीचे खोरे रुंद, उथळ, संथ आहे, उगमाशी इतके रुंद खोरे सहसा नसते. कड्याची धार पूर्वेकडे सरकत आली आहे. पश्चिमेच्या तीव्र उतारावरून धावणारे ओढे मागे मागे कोरत येतात, आणि पूर्ववाहिनी नद्यांचे माथे खात जातात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सेशेल्सचा भूभाग अलग झाला तेव्हा हा कडा निर्माण होण्यास प्रारंभ झाला, आणि आजच्या जागी तो झिजत झिजत आला. तो नेमका कोणत्या रेषेपासून निघाला यावर मतभेद आहेत, पण पनवेलच्या बाजूस थर पश्चिमेकडे वाकलेले दिसतात ते त्या उलथापालथीचेच चिन्ह मानले जाते.

निसर्ग लक्षावधी वर्षांत जे करतो ते टाटांच्या जलविद्युत कंपनीने काही वर्षांत केले. वळवण, लोणावळा व शिरवटा येथे बांध घालून पूर्वेकडे जाणारे पाणी अडवले, ते नळांतून घाटाखाली पाचशे मीटरांहून अधिक उतरवले आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. १९२२ पासून आंध्रा खोऱ्याचे पाणी भिवपुरीस उतरू लागले, आणि पुढे मुळशीचे, ज्याच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट आणि मुळशी पेट्यातील शेतकरी सत्याग्रह करीत होते. कड्याच्या काठावर एवढे पाणी एवढ्या उंचीवर मिळणे ही भूरचनेची देणगी. तिचा लाभ कोणाला व्हावा हा प्रश्न शास्त्राचा नव्हे, आणि बुडालेल्या गावांच्या वंशजांनी तो आजवर जिवंत ठेवला आहे.

भूकंपाचे भय येथे कितपत बाळगावे? ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेस झालेल्या भूकंपाचा धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला आणि तेव्हापासून धरण म्हटले की भूकंप हे समीकरण लोकांच्या मनात बसले. कोयनेचा जलाशय १९६२ पासून भरू लागला, आणि तेथील भूकंपांचा संबंध त्या पाण्याशी आहे हे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञांना मान्य आहे. परंतु त्यासाठी खाली आधीच ताणलेला विभंग असावा लागतो, तो प्रत्येक धरणाखाली नसतो. कोयनेजवळ रासाटी येथे सरकारी शास्त्रज्ञांनी १,५२२ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ९३३ मीटरांवर बेसाल्ट संपला आणि त्याखाली थेट पुरातन ग्रॅनाइटी पाषाण लागला. भूकंपाचे मूळ त्या तळच्या पाषाणात आहे, लाव्ह्यात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने दख्खनच्या पठाराला निर्धोक म्हणण्याची सवय मोडून टाकली. मावळ कोयनेइतका अस्वस्थ नाही, पण घरे दगडमातीच्या रचीव भिंतींची असू नयेत, हा किल्लारीचा धडा येथेही लागू आहे. पालीजवळच्या उन्हेऱ्याचे ऊन पाणी पाहून ज्वालामुखी अद्याप खाली धुमसतो असे ज्यांना वाटते त्यांना इतकेच सांगावे की ते पावसाचेच पाणी आहे; विभंगांतून खोल उतरून, भूगर्भाच्या साहजिक उष्णतेने तापून ते वर येते.

उरला तो दरडींचा प्रश्न, आणि माझ्या मते आज मावळात याहून निकडीचा दुसरा नाही. दरड दोन जातींची असते. पहिली कातळाची: घट्ट थराच्या चिरांत पाणी शिरते, खालचा मऊ थर झिजून वरच्याचा आधार सुटतो आणि शिळा निखळतात. घाटात जेथे रस्त्यासाठी उभा कडा तासला आहे तेथे ही हटकून पडते. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती महामार्गावर आडोशी बोगद्याजवळ ती पडून प्राणहानी झाली, आणि त्यानंतर त्या कड्यांना पोलादी जाळ्या व खिळे ठोकण्यात आले. दुसरी जात मातीची, आणि ती अधिक भयंकर. पदरावर साठलेला मातीमुरमाचा जाड थर संततधार पावसाने भिजतो, पाणी खाली चिकण थरावर किंवा कातळावर अडते, सांध्यातले पाणी मातीला वर उचलू लागते आणि अख्खा उतार चिखल होऊन निघतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण असेच गेले, १५१ माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री लोणावळ्याच्या घाटाखाली, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. ती ठाकरवाडी ज्या पदरावर होती तो झऱ्याचा, सपाटीचा, मातीचा पदर होता. ज्या कारणाने तेथे पिढ्यान् पिढ्या माणसे राहिली त्याच कारणाने ती मेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते.

यादी गावाच्या नावाने करून भागत नाही, ती सांध्यांची करावी लागते. कोणत्या डोंगरावर तांबडा थर किती उंचीवर आहे, त्याच्यावर मातीची जाडी किती, झरे कोठे फुटतात, उताराचा पायथा बंगल्यासाठी, रस्त्यासाठी वा सपाटीकरणासाठी कोठे तासला आहे, आणि पावसाचे पाणी गटाराविना कोठे मुरवले जात आहे, हे पाहणे एका तालुक्यापुरते अशक्य नाही. मोजणी खात्याच्या नकाशांवर हे थर चढवले, तर बिनशेतीचा दाखला देताना तहसील कचेरीला तो नकाशा समोर ठेवता येईल. लोणावळ्याच्या आसपास गेल्या तीस-चाळीस वर्षांत डोंगराच्या पायथ्यांना जितक्या जखमा झाल्या तितक्या त्यापूर्वीच्या दोन हजार वर्षांत झाल्या नसतील. लेणी कोरणाऱ्यांनी डोंगर पोखरला तो घट्ट थरात. आज यंत्रे लागतात ती मऊ थराला, कारण तेथे खोदणे स्वस्त पडते.

नकाशा होईपर्यंत माचीवरच्या माणसाने ज्या खुणा ओळखाव्यात त्या साध्या आहेत आणि त्या त्याच्याच परिचयाच्या आहेत. वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीस आडवी भेग पडून ती रुंदावत असेल, सरळ वाढलेली झाडे व खांब उताराकडे कलू लागले असतील, दारे चौकटीत अडकू लागली असतील, कोरड्या जागी नवा झरा फुटला असेल, किंवा वर्षानुवर्षे नितळ वाहणारा झरा मुसळधार पावसात एकाएकी गढूळ झाला किंवा आटला असेल, तर सांध्यातले पाणी आपला मार्ग बदलत आहे असे समजावे. आणि तसे दिसले त्या रात्री पाऊस ओसरण्याची किंवा कचेरीतून माणूस येण्याची वाट न पाहता, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि गुरांना घेऊन, ओढ्याची वाट टाळून, आडव्या दिशेने घट्ट कातळाच्या सोंडेवर जावे.